बरोबरीचा डाव

मुलांशी खेळताना मोठ्यांनी मुद्दाम हरायचं असतं, असं आपल्याकडे घरोघरी मानलं जातं. कॅरममध्ये सोपी सोंगटी सोडून द्यायची, बुद्धिबळात वजीर उघडा ठेवायचा आणि वर कौतुकानं टाळ्या वाजवायच्या. हेतू मायेचा असतो, यात शंका नाही. पण मूल सहा-सात वर्षांचं झालं की हा बनाव त्याच्या लक्षात येऊ लागतो आणि मग जिंकण्यातली गोडी जाते. आपल्याला खरोखर खेळायला घेतलेलंच नाही, हे त्याला कळतं. म्हणून पत्त्यांमधला गुलामचोर मला फार मोलाचा वाटतो. तिथे मोठ्या माणसाला हरायचं नाटक करावं लागत नाही.

बावन्न पानांतला एक गुलाम बाजूला काढायचा. राहिली 51 पानं, म्हणजे 25 जोड्या आणि एक गुलाम एकटा. पानं वाटून झाली की हातातल्या जोड्या खाली टाकायच्या, दुर्रीवर दुर्री, राणीवर राणी. मग शेजाऱ्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं. जोडी लागली तर टाकायची, नाहीतर ते पान जवळ ठेवायचं. शेवटी ज्याच्याकडे गुलाम उरला तो चोर. उतारी नाही, हुकूम नाही, हात मोजणं नाही. पंजी आणि छक्की वेगळी ओळखता आली की मूल खेळायला तयार.

दोघांतच डाव मांडला तर या खेळाची घडण नीट दिसते. एकटा गुलाम सोडला तर माझ्या प्रत्येक पानाची जोडी समोरच्याच्याच हातात असते, त्यामुळे गुलाम कुणाकडे आहे हे दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की तो हातात नेमका कुठे आहे. डाव बऱ्याचदा तीन पानांवर येऊन ठेपतो. एकाकडे एक पान, दुसऱ्याकडे दोन आणि त्या दोनांत गुलाम. ओढणाऱ्याची संधी निम्मी. आयुष्यभर गणित शिकवलेल्या आजोबांची तेवढीच आणि पहिलीतल्या नातीचीही तेवढीच. घरात अशा किती जागा असतात, जिथे वय, शिक्षण, अधिकार यांतलं काहीच कामाला येत नाही?

अर्थात सगळंच नशिबावर नसतं. पाच वर्षांचं मूल गुलाम हाती आला की तो इतर पानांपेक्षा बोटभर वर काढून धरतं आणि डोळे त्याच्यावरच खिळवून बसतं. तुम्ही तो ओढावा ही त्याची इच्छा चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेली असते. पुढे कधीतरी तेच मूल सत्ती वर काढतं, गुलाम इतर पानांत सपाट दडवतं आणि छताकडे बघतं. मधल्या काळात मोठी गोष्ट घडलेली असते. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नाही, हे त्याला उमगलेलं असतं. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1983 साली मुलांना एक गोष्ट सांगून हेच तपासलं होतं. माक्सी नावाचा मुलगा कपाटात चॉकलेट ठेवून जातो, मागे आई ते दुसरीकडे हलवते; परत आल्यावर तो कुठे शोधेल? फार लहान मुलं चॉकलेट आता जिथे आहे ती जागा दाखवतात. माक्सीला हे कळलेलंच नाही, हा विचार साधारण चौथ्या वर्षानंतर येऊ लागतो. सत्ती वर काढणारं मूल त्याच्याही एक पाऊल पुढे गेलेलं असतं. यातून मुलं खोटं बोलायला शिकतील, ही काही पालकांची भीती मला पटत नाही. दोघांनी कबूल केलेल्या लपवाछपवीत कुणाची फसवणूक नसते.

आणखी एक गोष्ट मे महिन्याच्या सुट्टीत दिसते, मामे-मावस भावंडं दुपारी पंख्याखाली गोल करून बसली की. कुणाच्या घरी काळ्यावर काळं आणि लालवर लालच चालतं, कुणाकडे रंग बघत नाहीत. ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणून भांडण सुरू होतं. जाँ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधल्या मुलांचा गोट्यांचा खेळ पाहून 1932 सालच्या पुस्तकात मांडलं, की लहान मुलांना नियम थोरांनी घालून दिलेले आणि अढळ वाटतात. ते आपसांत ठरवून बदलता येतात, ही समज मागाहून येते. ती येते अशा भांडणांतूनच. म्हणून आतल्या खोलीतून ओरडून निवाडा देणारी काकू, तिचा हेतू कितीही चांगला असो, मुलांचं नुकसान करते. किलवरचा गुलाम काढला आणि रंग जुळवायचा ठरला, तर इस्पिकचाच गुलाम उरणार हे आधीच कळतं. रंग न बघता खेळलं तर तिन्ही गुलामांपैकी कुठलाही उरू शकतो. यातलं काय जास्त रंगतं, हे मुलांनीच दोन्ही तऱ्हांनी खेळून ठरवावं.

राहता राहिला चोर ठरलेल्याचा रडवेला चेहरा. हरणाऱ्याला चिडवायची पद्धत फक्त आपल्याकडेच नाही. याच जातीच्या जर्मन खेळात, श्वार्त्सर पेटरमध्ये, त्याच्या तोंडाला काजळी फासत. एवढं करायची गरज नाही. पण ‘जाऊ दे, हा डाव धरायचा नाही’ असंही म्हणू नये. डाव धरायचाच आणि पुढच्या डावाची पानं पिसायला त्यालाच द्यायची. हात लहान असल्यानं पिसता येत नसेल, तर सतरंजीवर पसरून दोन्ही हातांनी कालवू द्यावीत. आणि पुढच्या वेळी गुलाम तुमच्याकडे उरला, तर तुम्हीही चोर म्हणवून घ्यायचं.