लिहून ठेवणे हा अविश्वास आहे काय?



काही महिन्यांपूर्वी विट्यातील एका यंत्रमागधारक कुटुंबात सांत्वनासाठी गेलो होतो. घरातील कर्ते गृहस्थ अल्लाहला प्यारे झाले होते. चौथ्या दिवशी त्यांची मुले आणि पुतण्या माझ्यासमोर बसले. प्रश्न साधा वाटत होता, परंतु उत्तर कोणापाशीच नव्हते. काही वर्षांपूर्वी हा पुतण्या व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेण्यासाठी इंग्लंडला गेला, तेव्हा खर्चाचा मोठा भाग त्याच्या चाचांनी उचलला होता. रक्कम किती, हे सर्वांना ठाऊक होते. ती कशापोटी दिली, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. देणाऱ्याने एवढेच म्हटले होते, “जा बेटा, शिकून ये. पुढचे पुढे पाहू.”

ते ‘पुढे’ आता आले होते आणि सांगणारा राहिला नव्हता. ती रक्कम हिबा, म्हणजे बक्षीस असेल, तर प्रश्न मिटतो. कर्ज असेल, तर ती मयताच्या वारशात येते आणि तिच्यात विधवा पत्नीचा आठवा हिस्सा आहे. पुढे सुरू होणाऱ्या कापडाच्या धंद्यातील भागीदारी असेल, तर नफ्यातोट्याचाही हिशेब आला. मुले लोभी नव्हती, पुतण्या अप्रामाणिक नव्हता. सगळेच भले होते, आणि तरीही एकमेकांच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हते. कुटुंबाच्या परवानगीने, नावे वगळून हे लिहीत आहे.

त्या तरुणाला मी विचारले, “एवढे शिकून आलास, मग लिहून का घेतले नाहीस?” त्याने जे सांगितले ते विचार करण्यासारखे आहे. तेथे पहिल्याच सत्रात पाच जणांच्या गटाने मिळून एक प्रकल्प करायचा होता. कामाची वाटणी तोंडी झाली. शेवटच्या आठवड्यात एक भाग अपुरा निघाला आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. प्राध्यापकांनी कोण खरे, कोण खोटे, हे विचारलेच नाही. “काय ठरले होते ते लिहिलेले दाखवा,” एवढेच म्हणाले. लिहिलेले काहीच नव्हते. दुसरा धडा पोटापाण्याचा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते. रोख पैसे घेऊन अधिक तास काम करण्याचा मोह पदोपदी होता. परंतु व्हिसा हाही एक करारच आहे आणि सूरह अल-माइदाच्या आरंभीच करार पाळण्याची आज्ञा आहे, हे आठवून त्याने तो मोह टाळला.

परत आल्यावर तो चाचांना म्हणाला, “आपले जे काही असेल ते एका कागदावर लिहू या.” चाचा दुखावले. “परदेशात राहून रक्तावरचा विश्वास हरवून आलास काय?” असे ते म्हणाले आणि कागद कोराच राहिला.

वाचकहो, येथेच आपला खरा प्रश्न उभा राहतो. आप्तांमध्ये लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास आहे काय? आणि ही शिकवण खरोखर विलायतेची आहे काय?

दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत नमाजविषयी नाही, रोजाविषयी नाही. ती देण्याघेण्याविषयी आहे. सूरह अल-बकराच्या या 282 व्या आयतीत मुदतीचे कर्ज लिहून ठेवण्याची, लेखकाने न्यायाने लिहिण्याची, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची आज्ञा आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असेही तेथे सांगितले आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहाराला तेवढी सवलत आहे. कोणी म्हणेल, पुढच्याच आयतीत परस्परांवर विश्वास असल्यास ठेव चोख परत करण्याचा उल्लेख आहे. बहुसंख्य विद्वानांनीही लेखन सक्तीचे नव्हे, तर पसंतीचे मानले आहे. हे खरे आहे. परंतु लिहिण्यामागे अल्लाहने सांगितलेले कारण पाहा: त्यामुळे साक्ष भक्कम राहते आणि मनात शंका उरत नाही. माणूस खोटा आहे म्हणून नव्हे, तर माणूस विसरतो आणि मरतो म्हणून लिहायचे.

आपल्या विटा-खानापूर भागातील गलाई बांधव देशाच्या कानाकोपऱ्यात सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करतात. गाळण्यापूर्वी सोने तोलले जाते, गाळल्यावर पुन्हा तोलले जाते. तराजू पुढे केला म्हणून कोणी रुसत नाही. उलट जो तोलत नाही त्याच्याकडे कोणी सोने देत नाही. मग सोन्याला तराजू चालतो, तर नात्यातील पैशाला कागद का चालू नये?

महाराष्ट्राच्या इतिहासातील एक उदाहरण येथे आठवते. 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अर्थशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, असा लेखी करार होता. 1917 मध्ये तो पाळण्यासाठी ते बडोद्याला गेले; त्या शहराने मात्र जातीमुळे त्यांना राहायला छप्पर दिले नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापकी करून पगारातून शिल्लक टाकली. ती शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या आधारे 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अटीची शिष्यवृत्ती, साहाय्य, कर्ज आणि स्वतःची कमाई: शिक्षणाला लागलेल्या प्रत्येक पैशाला स्वतःचे नाव होते. परदेशी शिक्षणाच्या पैशाला असे नाव असणे, हीच त्याची पहिली शिस्त होय.

स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) तरुणपणी हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामला गेले होते. भांडवल एकाचे, श्रम दुसऱ्याचे, आणि परतल्यावर चोख हिशेब. व्यापारासाठी दूरदेशी जाण्याची आपली परंपरा अशी अमानतीपासून सुरू होते. आणि कर्जाचे गांभीर्य असे, की शहीदाचे सारे गुन्हे माफ होतात पण कर्ज नाही, असे प्रेषितवचन आहे.

त्या घरात मी निवाडा दिला नाही. तो मुफ्तीसाहेबांचा अधिकार. परंतु तो तरुण आपणहून म्हणाला, “जोवर शंका आहे, तोवर मी हे कर्जच मानतो.” थोरल्या मुलाने आपला वाटा माफ केला. इतरांचा वाटा माफ करण्याचा अधिकार त्याला नव्हता आणि तो त्याने वापरलाही नाही. उरलेल्या रकमेचे हप्ते ठरले, आणि या वेळी कागदावर ठरले. सही करताना त्या तरुणाचे डोळे भरून आले. “हाच कागद चाचांच्या हयातीत झाला असता, तर ते हसतमुखाने ‘बक्षीस’ असेच लिहिते,” तो म्हणाला. कदाचित तसेच झाले असते. आता ते अल्लाहलाच ठाऊक.

वाचकहो, यंदा आपल्या घरातील मुलगा वा मुलगी शिकायला बाहेर निघणार असेल, तर बॅग भरण्यापूर्वी एक कागद भरा. किती दिले, कशापोटी दिले, परत करायचे असल्यास केव्हा, आणि मध्येच कोणाला मृत्यू आला तर काय, एवढे चार मुद्दे पुरेत. बक्षीस असेल तर ‘बक्षीस’ असे मोकळ्या मनाने लिहा. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मुलाने तेथून पदवी आणावी. पण हा धडा शिकण्यासाठी त्याला समुद्र ओलांडण्याची गरज पडू नये. तो चौदाशे वर्षांपासून आपल्या घरातील ग्रंथात आहे.

अल्लाह आपल्या व्यवहारांत स्वच्छता आणि नात्यांत बरकत देवो. आमीन.