विकत घेतलेली वस्तु कोणाची?

पूर्ण मोल चुकतें केल्यावर वस्तु आपली झाली, ही समजूत इतकी जुनी आहे कीं तिच्याविषयीं शंका घेणेंही आम्हांस विचित्र वाटतें. अमेरिकेंतील शेतकऱ्यास मात्र ती शंका घेणें भाग पडलें. त्याचा आजचा ट्रॅक्टर लोखंडाइतकाच संगणकाच्या आज्ञावलीवर चालतो. लोखंड त्यानें विकत घेतलें. आज्ञावलीचें ग्रंथस्वामित्व कारखानदाराकडे राहिलें, आणि तिला कुलूप! हें कुलूप फोडणें १९९८ च्या ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट’ कायद्यानें निषिद्ध केलें. मग हेतु नक्कल चोरण्याचा असो, वा ऐन सुगींत बंद पडलेलें यंत्र चालू करण्याचा असो.

लेखकाच्या हक्काविषयीं आम्ही उदासीन नाहीं. त्या पंक्तीला आम्हीही अधूनमधून बसतों. परंतु ग्राहकानें समासांत टिपणें करूं नयेत, सुटलेलीं पानें शिवूं नयेत, असा हक्क कोणा ग्रंथकारानें सांगितल्याचें आम्हीं तरी ऐकलें नाहीं.

तेथील काँग्रेस-ग्रंथालयाचे ग्रंथपाल दर तीन वर्षांनीं या निषेधास अपवाद जाहीर करतात. २०१५ सालीं ट्रॅक्टरच्या दुरुस्तीस अशी मुभा मिळाली. पण मुदत संपतांच ती पुन्हा मागावयाची. ही मोकळीक मालकाची नव्हे, कुळाची होय. शिवाय कुलूप उघडण्याचें साधन विकण्यावरील बंदी कायमच आहे. किल्ली वापरावी, परंतु ती बाजारांत मिळूं नये, हा न्याय आम्हांस उमगत नाहीं.

बंधन उठल्यास कोणी धूर आटोक्यांत ठेवणारी योजनाच काढून टाकील, हा आक्षेप पोकळ नाहीं. तसे लोक निघतीलही. पण त्यासाठीं तेथें हवाशुद्धीचा स्वतंत्र कायदा आहे. त्या अपराधास ग्रंथचौर्याचा वेष कां द्यावा? आमच्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं ६५-अ हें कलम आलें. त्यानें कुलूप फोडणें दंडनीय केलें तें हक्कभंगाचा हेतु असेल तेव्हांच. अमेरिकेनें सगळा कायदा मोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. चोरास शिक्षा असावीच. परंतु निव्वळ उघडण्यालाच गुन्हा ठरविणारा भाग रद्द व्हावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

२०२३ सालीं कोलोरॅडो राज्यानें शेतीच्या यंत्रांसाठीं सुटे भाग, माहिती व साधनें पुरविण्याचें बंधन कारखानदारांवर घातलें. तें स्तुत्य होय; मात्र राज्याच्या कायद्यानें संघराज्याचें कलम हलत नाहीं. तें वॉशिंग्टनलाच हलवावें लागेल.