डागांची रुजुवात

लढाऊ विमानांच्या प्लॅस्टिक प्रतिकृती जुळविण्याच्या छंदात आकाराचा निर्णय साचा घडविणाऱ्याने कारखान्यातच केलेला असतो. पंखांची लांबी, शेपटीची उंची, चाकांचा कोन यांबाबत जुळविणाऱ्याला फारसा अधिकार उरत नाही, आणि म्हणून त्याचा अभ्यास, त्याची रुची व त्याची सदसद्विवेकबुद्धी यांची खरी कसोटी लागते ती रंगकामात. सहा फुटांना एक इंच, म्हणजे १/७२, हे प्रमाण या छंदात विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून रूढ आहे, आणि १९५३ साली ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीने त्याच प्रमाणातला स्पिटफायर विमानाचा स्वस्त संच काढल्यावर हा छंद शाळकरी मुलांच्याही आवाक्यात आला. तेव्हापासून रंग सुधारले, फवाऱ्याची साधने सुधारली, निशाण्यांच्या चिकटपटांवर नखाएवढ्या जागेत वाचता येण्याजोगी अक्षरे छापली जाऊ लागली. परंतु या रंगकामाचे प्रयोजन काय, या प्रश्नाचा विचार साधनांच्या मानाने फार मागे राहिला. माझे मत असे की प्रतिकृतीवरील प्रत्येक छटा, प्रत्येक ओरखडा आणि प्रत्येक डाग हे एक विधान असते आणि विधान करणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी येते. जो डाग तेथे कशाने पडला हे करणाऱ्याला सांगता येत नाही, तो कितीही सुबक उतरलेला असो, त्याला त्या पंखावर राहण्याचा अधिकार नाही.

हे म्हणणे कठोर वाटेल, म्हणून एकच विमान जरा जवळून पाहू. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या हरिकेन विमानांची पाठ गडद हिरव्या व मातकट तपकिरी रंगांनी विभागलेली असे. १९४१ च्या ऑगस्टात, लढाई इंग्लिश खाडीपलीकडे आणि अधिक उंचीवर सरकल्यामुळे, ब्रिटिश हवाई दलाने दिवसा लढणाऱ्या विमानांवरील मातकट तपकिरी काढून त्या जागी समुद्री करडा आणला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर खाली अरण्य आणि माती होती, तेथे जुनीच जोडी चालू राहिली. पण तेथे वर्तुळाकार निशाणीचा लाल मध्य जपानी विमानांवरील लाल गोलाशी घोटाळ्यात पडण्याचा धोका असल्यामुळे तो रद्द होऊन निळ्या आणि पांढरट-निळ्या अशा दोनच रंगांचे वर्तुळ प्रचारात आले. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने याच काळातली. तात्पर्य, हरिकेन या नावाचा कोणताही एक रंग नाही. अमुक तुकडीच्या, अमुक महिन्यातल्या, अमुक हुकुमाबरहुकूम रंगविलेल्या एका विमानाचा रंग तेवढा आहे.

आता त्याच विमानावरील झिजेचा विचार करू. प्रदर्शनांतून मांडलेल्या हरिकेनच्या कित्येक प्रतिकृतींवर, रंग उडून खालचा धातू उघडा पडल्याचे दाखविण्यासाठी, नाकापासून शेपटीपर्यंत रुपेरी ठिपके टोचलेले आढळतात. पंखाच्या मुळाशी, डाव्या बाजूस, जेथून वैमानिक व यंत्रकामगार दिवसातून अनेकदा चढत-उतरत, तेथे हे ठिपके योग्यच आहेत. इंजिनावरील झाकणांच्या कडांशी, जेथे हत्यारे लावून झाकणे वारंवार उघडली जात, तेथेही ते शोभतात. पण वैमानिकाच्या बैठकीमागे हरिकेनचा सांगाडा कापडाने मढविलेला असतो. त्या कापडावर लालसर-तपकिरी लुकणाचे थर आणि त्यांवर रंग. खाली पत्रा नाहीच, मग तो उघडा कोठून पडणार? तेथे एक रुपेरी ठिपका ठेवणे म्हणजे ते विमान कसे बांधले होते हे आपल्याला ठाऊक नाही, अशी लेखी कबुली देणे होय. तीच गोष्ट मशीनगनच्या तोंडांची. धूळ व थंडी आत जाऊ नये म्हणून त्या छिद्रांवर कापडाच्या लाल चकत्या चिकटवीत, आणि पहिल्या गोळीबारातच त्या फाटत. चकत्या धड दाखवून त्यांच्यामागे पंखावर काजळीचे लांब पट्टे ओढणाराने एकाच क्षणी दोन परस्परविरुद्ध कैफियती दिलेल्या असतात. इंजिनाच्या धुराड्यांमागचा डागही सरसकट काळा नसतो; शिसेमिश्रित पेट्रोलावर इंजिन काटकसरीने चालविले की तेथे राखेसारखा फिकट करडा थर साचतो, आणि मिश्रणात पेट्रोल अधिक असले की तो काळवंडतो. ज्याला हे ठाऊक आहे त्याचा डाग त्या विमानाच्या शेवटच्या उड्डाणाविषयी काही सांगू शकतो.

प्रमाणाचे गणितही येथे दुर्लक्षून चालत नाही. खऱ्या विमानावर दोन सेंटिमीटर रुंदीचा रंग उडाला असेल, तर १/७२ प्रमाणात तो पाव मिलिमीटरहून किंचित अधिक भरतो. आणि संचाच्या पृष्ठभागावर पत्र्यांच्या सांध्यांसाठी कोरलेली शून्य दशांश दोन मिलिमीटर रुंदीची रेषा मूळ आकारात जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट होते, जी पाहून कोणत्याही यंत्रकामगाराने विमान जमिनीवरच रोखून धरले असते. अशा रेषेत काळे पाणी सोडून ती अधिक ठळक करण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो मला म्हणूनच मान्य नाही. साच्याची मर्यादा झाकण्याऐवजी तो ती अधोरेखित करतो.

रंग फिका करण्याच्या प्रघाताची तपासणी केली तर निष्कर्ष वेगळा निघतो. दूरचा डोंगर निळसर दिसतो तशी लहान प्रतिकृती दूरच्या विमानासारखी दिसली पाहिजे, म्हणून मूळ रंगात पांढरा मिसळावा, असे सांगितले जाते. पण तीस सेंटिमीटरवरून पाहिलेली १/७२ ची प्रतिकृती म्हणजे सुमारे बावीस मीटरांवरून पाहिलेले विमान, आणि स्वच्छ हवेत बावीस मीटरांचे अंतर रंगाला लक्षात येण्याइतके बदलीत नाही. तरीही कारखान्याच्या नमुन्याशी तंतोतंत जुळविलेला रंग प्रतिकृतीवर काळपट दिसतो, हा अनुभव खरा आहे. माझ्या समजुतीने त्याचे कारण हवेत नसून प्रकाशात आहे. उघड्या धावपट्टीवर दुपारच्या उन्हाचा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो आणि आपण प्रतिकृती पाहतो ती काहीशे लक्सच्या दिव्याखाली. त्या उन्हातली उजळ पाठ या दिव्याखाली आणावयाची असेल तर रंग थोडा हलका करणे हे अप्रामाणिकपणाचे कृत्य होत नाही. प्रघात योग्य आणि त्याची मीमांसा चुकीची, असा हा प्रकार आहे, आणि मीमांसा दुरुस्त केली म्हणजे फिकेपणा किती असावा हे अंतराच्या कोष्टकावरून न ठरविता प्रतिकृती कोणत्या उजेडात मांडावयाची यावरून ठरविता येते.

पुरावा मागणाराने पुराव्याचीही परीक्षा केली पाहिजे. जुन्या छायाचित्रांत वापरलेली काही फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. तिच्यावर लाल व पिवळा काळे पडत आणि निळा उजळत असे, त्यामुळे ब्रिटिश निशाणीभोवतीचे पिवळे कडे अशा चित्रात काळे दिसते आणि अननुभवी डोळा फसतो. जपानी झीरो विमानाचा पहिल्या काळातला रंग कोणता, यावर अभ्यासकांनी वर्षानुवर्षे वाद घातला. हाती आलेले अवशेष खडूसारखे फिके करडे दिसत, म्हणून कित्येक संचांत तसाच रंग सांगितला गेला. परंतु पृष्ठभागावरचा विटलेला थर घासला असता खाली उबदार, हिरवट-पिवळसर झाक असलेला करडा निघतो, आणि १९४२ च्या जपानी नौदलाच्या तांत्रिक कागदपत्रांतील वर्णनही त्या बाजूचेच आहे. अवशेषाची साक्ष आणि दफ्तराची साक्ष एकमेकींशी ताडून पाहिल्यावरच हा निवाडा शक्य झाला. संग्रहालयातील विमान हा तर याहून दुबळा साक्षीदार. गोव्यात दाबोळी येथील नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर ही विमाने पाहावयास मिळतात, आणि ती सांभाळून ठेवणाऱ्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच आहेत. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी असलेली विमाने पुन्हा पुन्हा रंगवावीच लागतात. त्यांच्याकडून आकार शिकावा, सांधे आणि खिळे मोजावेत. रंगाच्या बाबतीत मात्र त्यांची साक्ष शेवटची मानू नये.

प्रतिकृती ही कलाकृती आहे आणि कलावंताला दफ्तरातील कारकुनासारखे बांधून घालू नये, असा एक आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे; रंगाचे तजेलदार थर, प्रकाशाचा खेळ, एखाद्या पंखावरचा उन्हाने विटलेला भाग यांचा आनंद मलाही मनापासून होतो. पण आज जी अतिरिक्त झीज दिसते ती बहुधा कलावंताच्या स्वतंत्र दृष्टीतून आलेली नसते. एका प्रतिकृतीला बक्षीस मिळते, दुसरा तिच्यावरून आपली रंगवितो, तिसरा दुसऱ्यावरून. असे होता होता प्रत्येक पत्र्याच्या कडेला काळी सावली आणि मध्यभागी फिकट पट्टा हा एक साचेबंद संकेत बनतो, जो कोणत्याही छायाचित्रात नाही. विमानाकडे पाहणे थांबते. ज्या स्वातंत्र्याच्या नावाने हे केले जाते ते स्वातंत्र्य येथे कोठे उरले, हे मला दिसत नाही.

शस्त्रांना नटविण्याचा हा छंद नैतिक दृष्ट्या योग्य आहे काय, असेही विचारले जाते आणि तो प्रश्न टाळण्यासारखा नाही. जर्मनीतील कायद्यामुळे नाझी स्वस्तिकाचे प्रदर्शन निषिद्ध आहे. म्हणून पुष्कळ संचांच्या निशाण्यांत ते गाळलेले असते किंवा दोन अर्ध्या तुकड्यांत छापलेले असते. त्या देशाच्या इतिहासात त्या कायद्याला सबळ कारण आहे आणि तेथे तो पाळलाच पाहिजे. पण जेथे तशी आडकाठी नाही, तेथे जर्मन मेसरश्मिट विमानाची शेपटी कोरी ठेवणे मला गैर वाटते, कारण त्या कोऱ्या शेपटीने ते विमान निर्दोष होते, केवळ एक देखणे यंत्र होते. ते कोणासाठी उडाले हे त्याच्या अंगावर लिहिलेले होते. ते पुसणे हा रंगकामातला असत्यपणाच आहे. झिजेचा मान राखण्यामागेही माझी हीच भावना आहे. पंखाच्या मुळाशी बुटांनी घासलेला पट्टा, तेलाच्या टाकीच्या झाकणाखाली ओघळलेली रेघ, घाईने ब्रशने झाकलेले लाल वर्तुळ, ही सर्व वैमानिकाची कमी आणि जमिनीवर राबणाऱ्यांची अधिक निशाणी आहे. भारतीय हवाई दलाच्या आरंभीच्या काळात ज्यांना हवाई शिपाई म्हणत, त्या फिटर व रिगर मंडळींची नावे युद्धवृत्तांतांत क्वचितच येतात; त्यांच्या हातांचे काम नोंदविण्याची जागा या इंचभर पृष्ठभागावर तरी असावी.

म्हणूनच आपल्या देशातील विमानांच्या रंगांची नोंद व्हावी, याची मला विशेष तळमळ आहे. १९६५ च्या सप्टेंबरात आपली नॅट विमाने बहुतांशी चंदेरी अंगानेच लढली. १९७१ च्या युद्धापर्यंत मिग-२१ विमानांच्या चंदेरी अंगावर हिरवे व मातकट रंग चढले, आणि ते पुष्कळदा तुकडीच्या पातळीवर, हाताशी असलेल्या रंगांनी चढविले गेले. अशा कामाचे छापील कोष्टक नसते. मिग-२१ ची बांधणी नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात झाली आणि २०२५ च्या सप्टेंबरात ती विमाने सेवेतून निवृत्त झाली. त्यांना रंग देणारे, घासून पुन्हा रंगविणारे कामगार आणि तंत्रज्ञ आज नाशिक परिसरात व इतरत्र निवृत्तीचे जीवन जगत असणार. कोणत्या डब्यातला रंग होता, तो कशाने पातळ केला, खाली अस्तर दिले की थेट पत्र्यावरच हात फिरविला, फवारा होता की ब्रश, पावसाळ्यानंतर कोणता भाग आधी सोलवटे, नव्या रंगाचे ठिगळ जुन्याशेजारी कसे दिसे, हे त्यांना विचारून, तारीख व जागा घालून, छायाचित्रांशी ताडून लिहून ठेवण्याचे काम कोणत्याही सरकारी तजविजीची वाट न पाहता छंदिष्टांच्या मंडळांना हाती घेता येईल, आणि ते याच काही वर्षांत घेतले पाहिजे.