बळ आणि अमानत



बलवान ईमानधारक दुर्बलापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय असतो, ही ‘सहीह मुस्लिम’मधील हदीस व्यायामशाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना तोंडपाठ असते. दोघांतही भलाई आहे, हा तिचाच पुढचा भाग मात्र सहसा गाळला जातो.

या घाईतूनच तरुण ॲनाबॉलिक स्टेरॉइडच्या गोळ्यांकडे वळतात. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची ही कृत्रिम रूपे होत. औषध म्हणून त्यांना स्थान आहे: ऑक्सिमेथोलोन काही प्रकारच्या रक्तक्षयात वापरले गेले, तर ऑक्झँड्रोलोन गंभीर भाजण्यानंतर झडलेले वजन भरून काढण्यासाठी. वैद्याच्या सल्ल्याने उपचार घेणे ही तर प्रेषितांची (स.) शिकवण आहे. (दम्यासाठी दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे निराळ्या जातीचे स्टेरॉइड आहे. केवळ नाव ऐकून कुणी आईच्या गोळ्या बंद करू नयेत.)

निरोगी देहाची गोष्ट वेगळी. यकृताला सहज मोडता येऊ नये अशीच या गोळ्यांची घडण केलेली असते, आणि त्याची किंमत यकृतच मोजते. पित्त अडून कावीळ होते, क्वचित रक्ताने भरलेल्या पोकळ्या आणि गाठीही होतात. रक्तातील हितकर कोलेस्टेरॉल घटते, हृदयावर भार येतो. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते; वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात. पितृत्वाची दुआ मागणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. किशोरवयीन मुलाच्या हाडांची वाढ अकाली थांबून उंची खुंटू शकते. स्त्रियांचा आवाज घोगरा होतो, तो बहुधा पूर्ववत होत नाही.

स्वहस्ते स्वतःला विनाशात लोटू नका, असा आदेश सूरह अल-बकराच्या १९५व्या आयतीत आहे. संदर्भ अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याचा असला, तरी विद्वानांनी त्याचा आशय व्यापक मानला आहे. शिवाय १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये स्टॅनोझोलॉल आढळल्याने बेन जॉन्सनचे सुवर्णपदक काढून घेतले गेले, ते आठवा. जे आपले नाही ते आपले म्हणून मिरवणाऱ्याला हदीसमध्ये असत्याची वस्त्रे ल्यालेला म्हटले आहे.

मातापित्यांनो, मुलाच्या कपाटात अशी गोळी सापडली तर आरडाओरडा करू नका. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी सोडल्यास थकवा आणि खोल उदासी येऊ शकते. गोळ्यांचे पाकीट सोबत घ्या, त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि किती महिने घेतली हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.