सुटकेचे मोल

बंदिवासातून सुटून रानवाटांनी आपले ठिकाण गाठणाऱ्या जिवाची कथा आपणां सर्वांना भावते. सुजय डहाके दिग्दर्शित 'आजोबा' हा 2014 सालचा मराठी चित्रपट अशीच कथा सांगतो, आणि तिच्यामागील घटना खरी आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या बिबट्याला 2009 मध्ये बाहेर काढण्यात आले. संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याच्या गळ्यात माग दाखवणारा पट्टा बांधला व त्यास माळशेज घाटात मुक्त करण्यात आले. तेथून सुमारे 120 किलोमीटर चालत, लोहमार्ग, महामार्ग व वसईची खाडी ओलांडून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने कोणाही माणसाला इजा केली नाही.

पडद्यावरील ही सुटका पाहून आपण सुखावतो. परंतु माळशेजच्या अलीकडे, जुन्नर-आंबेगावच्या शिवारात उभे राहिले की प्रश्न पडतो: या सुटकेचे मोल कोण देतो?

कुकडी आणि घोड नद्यांवर धरणे झाली, पाटाचे पाणी आले, ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या उसात बिबट्याची मादी पिलांना जन्म देऊ लागली. त्या पिलांचे रान म्हणजे ऊसच. त्याच फडाच्या कडेला ऊसतोड मजुराची कोपी असते. तिला दार नसते. या भागात बिबट्याने लहान मुले उचलून नेली आहेत. ज्या मातेचे लेकरू गेले, तिला भूतदयेचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही.

मग पिंजरा हाच उपाय काय? 2001 ते 2003 या काळात जुन्नर वनविभागात अनेक बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यात आले. परिणाम उलटा झाला. माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 वर गेले. सोडलेल्या जागांच्या आसपासही हल्ले झाले. आपल्या दारातील भय शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे हा शेजारधर्म नव्हे. उरते ती माणिकडोहच्या निवारा केंद्रातील जन्माची कैद. आणि मुक्या प्राण्याला अपराध कळत नसता शिक्षा मात्र कळते.

आमच्या मते दया आणि न्याय यांत येथे विरोध नाही. विरोध आहे तो फुकटच्या दयेशी. कोपीला भक्कम दार, शेळ्यांना बंदिस्त गोठा, शेताला दिवसा वीज, घरोघरी शौचालय, यांसाठी खर्च येतो. तो उसाची साखर रोज चहात घालणाऱ्या आपण सर्वांनी उचलायला हवा. मजुराने एकट्याने तो आपल्या लेकरांच्या रूपाने का द्यावा?

आजोबा 2011 मध्ये वाहनाच्या धडकेने मरण पावला. पिंजऱ्याबाहेर आल्याने त्याची सुटका पुरी झाली नव्हती. वाट मोकळी ठेवण्याचे काम आपले होते, आणि ते अद्याप शिल्लक आहे.