नावाआधीचं दुपटं

सुई हातात घ्यायची घाई आज करू नका. दुपारची वेळ आहे असं धरा. जेवणं झालीत, भांडी पालथी घातलीत, घर जरा पेंगुळलंय. जमिनीवर चटई टाका आणि तिच्यावर एक जुनं सुती लुगडं ठेवा. घडी मोडू नका अजून. नुसतं त्याच्याशेजारी बसा.

आता ज्याच्यासाठी शिवायचंय ते बाळ मनासमोर आणा. भाचीला सातवा महिना असेल, मैत्रिणीच्या सुनेचे दिवस भरत आले असतील. कुणाचंही असो, पण एकच बाळ असू द्या. त्याला तुम्ही पाहिलेलं नाही. मुलगा की मुलगी, काळं की गोरं, काही ठाऊक नाही. नावही नाही. ठाऊक आहे ते एवढंच, की जन्मतं बाळ साधारण 20 इंचांचं असतं. आपला हात कोपरात दुमडून समोर धरा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी नीट पाहा. बाळ त्याहून दोन-तीन इंचच मोठं असणार आहे. तो हात तसाच थोडा वेळ धरून ठेवा. कापडाचं माप आपण नंतर घेऊ, पण दुपट्याचं खरं माप हे आहे.

आपल्याकडे बाळंतविड्याची रीत आहे. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, खारीक-खोबरं, डिंकाचे लाडू. आता दुकानात तो तयार मिळतो, पारदर्शक पिशवीत, सगळं एका रंगाचं. ज्यांना वेळ नाही त्यांनी तो घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. पण त्यातली एक तरी वस्तू घरात शिवलेली असावी असं मला फार मनापासून वाटतं. आणि ती दुपटं असावी, कारण ते शिवायला शिवणकाम यावं लागत नाही. एक धावदोरा आला की झालं.

आता घडी मोडा.

नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. खोली भरून जाईल. ते हातानं चाचपू नका. आपल्या बोटांना भांड्याची राख, साबण, विळी यांची सवय झालेली असते, त्यांना मऊपणा पुरता कळत नाही. कापड गालाला लावा. माझ्यासमोर आहे ते इरकल आहे, माझ्या आजीचं, गर्द हिरवं. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं हे विणकाम पश्चिम महाराष्ट्रातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवलं. नवं असताना त्यात खळ होती, ते उभं राहायचं. आजीनं ते विहिरीवर आपटलं, उन्हात वाळवलं, पुन्हा आपटलं. खळ गेली, धाग्यांचा ताठा गेला. आज ते जितकं मऊ आहे तितकं मऊ कापड पैसे देऊन आणता येत नाही. तान्ह्याला पहिले कपडे जुन्याचे घालावेत असं जुन्या बायका सांगायच्या, ते याच कारणानं असणार.

आता एकेक हात कापड उजेडासमोर धरत जा. सावकाश. बसायच्या जागी ते विरलेलं दिसेल, उजेड गाळून येईल. पावलांशी काठ झिजलेला असेल. काठ दाट विणीचा, तरी झिजलेला. एखादा हळदीचा डाग, एखादं जुनं रफू. त्या बाईच्या उठण्या-बसण्याचा नकाशाच तो. विरलेला भाग आतल्या थरासाठी वेगळा करा, घट्ट भाग वर-खाली. विरलेलं टाकून देऊ नका, आत त्याचंच काम असतं. दोन थरांच्या मधे हवा अडकते आणि ऊब त्या हवेचीच असते.

मग कात्री येते. इथे हात थांबेल. माझा प्रत्येक वेळी थांबतो. आजीच्या लुगड्याला कात्री लावायची म्हणजे काहीतरी अमंगळ करतोय असं वाटतं. त्या थांबण्याला वेळ द्या. घरात कुणाचा जीव त्या कापडात असेल तर आधी विचारा, दोन दिवस थांबावं लागलं तरी थांबा. त्यांनी नाही म्हटलं तर दुसरं कापड घ्या. कुणाच्या दुखऱ्या मनावर कात्री चालवून शिवलेलं दुपटं बाळाला द्यायचं नाही.

तीन थर पुरेत. गोधडी जड असते, हे दुपटं आहे. झोपलेल्या तान्ह्याच्या तोंडाशी जाड, सैल पांघरूण नको असं बालरोगतज्ज्ञही बजावतात. हे अंगाखालचं आहे. आंघोळीनंतर बाळाला टिपून घेतल्यावर ठेवायला, दुपारी जागं असताना पालथं पडायला. 36 इंच लांब, 30 इंच रुंद. कापण्यापूर्वी रंग जातो का तेवढं पाहा: ओला पांढरा फडका घासायचा, त्यावर रंग उतरला तर ते कापड बाळाच्या कामाचं नाही.

जरीचा काठ असेल तर तो सोडवून घ्या. हे मी चुकून शिकले. भाचीच्या बाळासाठी पहिलं दुपटं शिवलं तेव्हा चारी बाजूंनी जरीची पट्टी लावली होती, कोपऱ्यांत टिकल्या. बारशाला सगळ्यांनी हातात घेऊन कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी भाचीनं दाखवलं, बाळाच्या गालावर बारीक लाल ओरखडे. मी ते दुपटं बाळाकडे बघून शिवलंच नव्हतं, बारशाला येणाऱ्या बायकांकडे बघून शिवलं होतं. त्या रात्री बसून सगळी पट्टी उसवली. ज्याला द्यायचं त्याच्या कातडीनं विचार करायचा, हे तेव्हा कळलं. सोडवलेल्या काठाचं वाईट वाटून घेऊ नका. अस्तर लावून, खाली त्याच कापडाचे त्रिकोण टाचून त्याचं दाराला तोरण होतं. माझ्या दारावर गेली कित्येक वर्षं तेच आहे, दिवाळीला फक्त झटकून घेते.

आता थर अंथरा. खालचा, मधला, वरचा. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, वाटी, वरवंटा, काहीही. तळहातानं मधून कडेकडे सुरकुत्या काढत जा. कच्चे टाके मधूनच सुरू करा आणि बाहेर जा, म्हणजे चुणी कडेला निघून जाते, पोटात अडकत नाही. कडा आत दुमडून घ्या.

मग सुई ओवा. दोरा आपल्या हाताएवढा, त्याहून लांब नको. लांब दोरा घेतला की सारखं ओवायचा त्रास वाचतो असं वाटतं, पण तो गुंततो आणि गाठी सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. पहिली गाठ थरांच्या आत लपवा, बाळाला लागायला नको. कडेपासून एक बोट सोडून पहिली ओळ. चारी बाजूंनी फिरून आलं की आतून दुसरी. आपल्या गोधड्या अशाच शिवल्या जातात, चौकोनात चौकोन, बाहेरून मध्याकडे. उन्हाळ्यात, शेतातली कामं उरकल्यावर, दोघी-तिघी ओसरीवर बसून आपापल्या कडेनं टाके घालत यायच्या आणि मधे भेटायच्या.

सुई आत. सुई बाहेर. दोरा ओढा, कापड आपल्याकडे सरकवा. श्वास मुद्दाम मोजू नका, दोन ओळी झाल्या की तो आपोआप टाक्यांशी जुळतो. या दुपट्याला किती टाके पडतात याचा मी एकदा हिशेब केला. दोन ओळींत पाऊण इंच अंतर धरलं तर सगळ्या ओळी मिळून 1440 इंच होतात, म्हणजे 40 वार. इंचाला चार टाके धरले तर 5760. रोज तासभर बसलं तर आठ-दहा दिवस. बाळ जन्मल्याचा फोन आल्यावर सुरुवात केली तरी बारशापर्यंत होतं.

या टाक्यांमधे मन भटकेल. गॅसवर दूध ठेवलंय का, लाइटबिल भरायचंय, परवा जाऊबाई काय बोलल्या. भटकू द्या. त्याला ओढून आणायची गरज नाही. पण हाताकडे लक्ष ठेवा. जाऊबाईंचं बोलणं आठवलं की दोरा जरा जास्त ओढला जातो आणि कापड तिथे आक्रसतं. बोटानं ती जागा चाचपा. टाके उसवायची गरज नाही, दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकेच ताणलं की दोरा सैल होतो. मग पुढचा टाका घाला. मी आजवर शिवलेल्या प्रत्येक दुपट्यात अशा दहा-बारा आक्रसलेल्या जागा आहेत. त्या कुठल्या दिवशी, कशामुळे आल्या, ते मला आजही सांगता येईल.

आणि मधूनच, काही न करता, ते बाळ मनात येतं. सातव्या-आठव्या ओळीपर्यंत त्याला चेहरा नसतो. मग कुठून तरी एक लहानसं पाऊल दिसतं, दुपट्यावर टाच घासणारं. तिथे थांबा. सुई कापडात तशीच राहू द्या. हे पाऊल कुठल्या टाक्यांवर घासेल? हात फिरवून पाहा, तिथे काही टोचतंय का?

अशा वेळी एकाच माणसासाठी शिवलेलं दुसरं एक काम मला आठवतं. कोलकात्याच्या टोकाला जोका इथे गुरुसदय संग्रहालय आहे. तिथे 19व्या शतकातला एक कांथा आहे, जुन्या कापडाचे थर आणि आपल्यासारखाच धावदोरा. मानदासुंदरी नावाच्या बाईनं तो आपल्या वडिलांसाठी शिवला आणि तसं त्यात टाक्यांनीच लिहून ठेवलं. तो कांथा माझ्या मनातून जात नाही. माणसं, घोडे, फुलं असं सगळं चितारणाऱ्या त्या हाताला, हे कुणासाठी आहे ते सांगितल्याशिवाय राहवलं नाही. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घालून फुलं लावतात, त्यांशिवाय कवंद पुरी झाली असं त्या मानत नाहीत. तिथेही जुनी लुगडी, तिथेही एक सुई. कागदावर अक्षर न गिरवलेल्या कितीतरी बायकांनी आपल्या देशात असं दोऱ्यानं लिहून ठेवलंय, आणि आपण त्याला चिंध्यांचं काम म्हणत आलो.

मधला चौकोन येईल तेव्हा थांबा. चार बोटं जागा मोकळी ठेवा. ती नावाची.

नाव अजून नाही. आपल्याकडे बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात ते सांगते, तोवर कुणी उच्चारायचं नाही. म्हणून ही भेट नावाआधी शिवायला घ्यावी लागते. दुकानात नाव घालून मिळणाऱ्या वस्तूंत नाव आधी लागतं, वस्तू नंतर. इथे अख्खं दुपटं नावाची वाट बघत असतं. बारसं झालं, नाव कळलं, की खडूनं ते हलकं लिहा आणि साखळी टाक्यानं भरा. कागदावर आपण अक्षरं काढून वर रेघ ओढतो. सुईनं उलट करा: आधी शिरोरेघ, सरळ, एका दमात. मग एकेक अक्षर तिला खाली टांगा. रेघ सरळ असली की अक्षरं थोडी वाकडी आली तरी चालतात. आणि मागच्या बाजूला, कोपऱ्यात, ज्यांचं लुगडं होतं त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर घाला. कुणाला दाखवू नका. केव्हातरी आईच्या हाताला ते लागेल.

द्यायच्या वेळेचंही थोडं मनात आणा. एका मैत्रिणीच्या नातवासाठी मी असंच दुपटं शिवलं होतं. आठ वर्षांनी तिच्या घरी गेले तर तिनं कपाट उघडून ते दाखवलं. कोरं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसकट. ‘तू एवढ्या कष्टानं केलंस, मळवायचं जिवावर आलं,’ म्हणाली. प्रेमानंच म्हणाली. घरी येईपर्यंत मात्र मला रडू येत होतं. मुलगा आठ वर्षांचा झाला होता, आता तो त्यावर मावला नसता. एकदाही त्यानं ते ओलं केलं नव्हतं.

तेव्हापासून मी देतानाच सांगते. तुम्हीही सांगा, हातात हात घेऊन सांगा: हे मळव. ओलं होऊ दे, दूध सांडू दे, रोज साध्या साबणानं धुऊन टाक, सावलीत वाळत घाल. विरलं की मला दे. मघाशी कापताना एक गोष्ट सांगायची राहिली ती आता सांगते. विरलेल्या जागी लावायला लुगड्याचा वीतभर तुकडा बाजूला काढून ठेवा आणि चिठ्ठी टाचून त्यावर बाळाचं नाव लिहा.

ज्या भाचीच्या बाळाच्या गालावर ओरखडे आले होते, त्याचं ते दुपटं पुढे त्याच्या धाकट्या बहिणीनं वापरलं. मधोमध विरलंय, नावाचं एक अक्षर सुटलंय. गेल्या आठवड्यात भाचीनं ते ठिगळ लावायला पाठवलं. आजीच्या हिरव्या इरकलीचा तुकडा मी कपाटातून काढून ठेवलाय.