पावसाआधीची पिशवी

रात्रीची जेवणं आटोपली की मोबाईल बाजूला ठेवा आणि मांडी घालून बसा. खांदे सैल सोडा, डोळे मिटा. श्वास येतोय, जातोय. त्याला त्याच्या चालीने जाऊ द्या.

कळव्यात पूर्ण शांतता मिळत नाही, लोकलचा आवाज येतोच. येऊ द्या. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर, मधे रूळ आणि आपली घरं. ही जागा मनातल्या मनात एकदा नीट पाहून घ्या. १९ जुलै २०२१ रोजी पूर्वेला घोलाईनगरात दरड कोसळली आणि एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. क्षणभर त्यांच्यापाशी थांबा. भीती वाटली तर वाटू द्या. तिला घाबरून उठू नका. सावकाश श्वास घ्या, सोडा.

आता घरातलं एकेक माणूस डोळ्यांसमोर आणा. घाई नको. आजी. तिची रक्तदाबाची गोळी कोणती, किती वाजता घेते? चष्म्याविना तिला पायरी दिसते का? मग बाळ. त्याला कोणतं दूध चालतं, कशाला बिलगून झोप लागते? मग तुम्ही स्वतः. ज्याचा चेहरा समोर येईल, त्याची गरजही समोर येईल. पावसात अचानक घर सोडावं लागलं तर उचलायच्या पिशवीत काय हवं, ते इथूनच कळतं.

पाण्याचा विचार करा. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा वीजवाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. वीज गेली की सोसायटीचा पंप बंद, आणि मग टाकीत उरेल तेवढंच पाणी. माणशी दिवसाला चार लिटर धरलं, तर चौघांना तीन दिवसांसाठी ४८ लिटर लागतं. एवढं पाणी उचलून पळता येणार नाही. ते झाकणाच्या कॅनमध्ये घरातच राहील. पिशवीत फक्त बाटल्या.

मनातल्या मनात टॉर्च हातात घ्या. बटण दाबा. लागला? आता सेल काढून वेगळ्या पुडीत बांधा. आत राहिले तर दमट हवेत ते गळतात आणि ऐन वेळी टॉर्च लागत नाही. शेजारी शिट्टी ठेवा. ढिगाऱ्याखाली अडकलेल्याचा घसा लवकर बसतो, शिट्टी थोड्या श्वासातही वाजते. आठवड्याची औषधं, ओआरएसची पाकिटं, फुटाणे, चिक्की, खजूर. आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती, घराचे कागद, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. सुट्ट्या नोटा, कारण नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही. जवळच्यांचे नंबर कागदावर लिहिलेले, त्यांत ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

पिशवी उचलून पाहा. जड आहे? मग थोडं काढा. कपाटातल्या पैठणीकडे, भिंतीवरच्या टीव्हीकडे नजर जाईल. जाऊ द्या. हे मागे राहणार आहे, हे आजच मनाशी कबूल करा. ऐन पावसात तेवढ्या कबुलीला वेळ नसतो, आणि वस्तूंसाठी मागे वळलेली माणसं अडकतात.

शेवटी शेजारचं दार आठवा. तिथे कोणी एकटं राहतं का? त्यांची पिशवी कोण उचलेल?

आता डोळे उघडा. आगोटीला आपण सुकट, पापड, मसाला भरतोच. त्याच खरेदीत ही पिशवीही मृगाआधी भरा. दाराजवळ ठेवा आणि तिची जागा घरातल्या लहानग्यालाही दाखवा. डोंगरालगतची घरं खाली करायला सांगितलं, तर ती उचला आणि लगेच निघा.